फौजदारी न्यायाचे शिक्षण आणि आपली मुले

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात मला शिक्षणावर बोलावयास सांगितले आहे. शिक्षणावर बोलावयाचे म्हणजे गुणवंतांचे अभिनंदन करावयाचे, वैद्यकीय व अभियांत्रिकी परीक्षांत यश मिळविणाऱ्यांना शुभाशीर्वाद द्यावयाचे आणि पालकांना चार उपदेशाचे शब्द सांगून खाली बसावयाचे, अशी आपली जुनी चाल आहे. ती वाईट नाही. परंतु येण्यापूर्वी मी चिटणीसांकडून मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या मागील याद्या मागवून घेतल्या. त्यांत डॉक्टरी शिकणारे आढळले, इंजिनिअर आढळले, औषधनिर्माणशास्त्राचे, परिचर्येचे, अध्यापनाचे विद्यार्थी आढळले. कायद्याचा, आणि त्यातही फौजदारी न्यायाचा, अभ्यास करणारा एकही विद्यार्थी वा विद्यार्थिनी आढळली नाही. ज्या ज्ञातीच्या कित्येक पिढ्यांचे आयुष्य एका फौजदारी कायद्याने जखडून टाकले होते, तिच्या यादीत हा एकच रकाना रिकामा असावा, ही गोष्ट मला चमत्कारिक वाटली. यास्तव आजचा विषय मी हाच घेतला आहे.

आपल्यातील तरुण मंडळींना 'विमुक्त' हा शब्द जातीच्या दाखल्यावरील एक नोंद म्हणून ठाऊक आहे. कशातून मुक्त, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करण्याची तजवीज झाली व १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. आरोपीने काय केले, हा प्रश्नच या कायद्यात नव्हता. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पुरे होते. राजपत्रात जातीचे नाव छापून आले की त्या जातीच्या माणसांची नोंदवही सुरू झाली, बोटांचे ठसे आले, हजेरी आली, गाव सोडताना परवाना आला, आणि पुढे कित्येकांच्या वाट्याला वसाहत आली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहतीविषयी येथे बसलेल्या वृद्धांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा मार्गही कायद्यानेच बंद करून ठेवला होता. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो साऱ्या देशातून गेला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षे आणि सोळा दिवसांनी.

कायदा गेला, नोंदवहीची सवय मात्र राहिली. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जातीचे नाव नव्हते, हा मोठाच फरक होता. पण गावात चोरी झाली की प्रथम कोणाच्या वस्तीवर जावयाचे, हे ठरविण्यास नावाची गरज कोठे असते? तुरुंगांच्या नियमपुस्तिकांची कथा तर याहून बोलकी आहे. अनेक राज्यांच्या या पुस्तिकांत, कोणत्या जातीच्या कैद्याने झाडावे व कोणत्या जातीच्या कैद्याने स्वयंपाक करावा, येथपासून विमुक्त जमातींचा मनुष्य हा स्वभावतःच सराईत समजावा, येथपर्यंत नियम छापलेले होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. १९५२ पासून मोजले तर बहात्तर वर्षे लोटली होती. ही याचिका सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी केली होती. त्यांचे उपकार मानलेच पाहिजेत. परंतु मला यातील दुसरीच गोष्ट टोचते. ते नियम गुप्त नव्हते. ते छापील पुस्तकांत होते. आपल्याविषयी लिहिलेले ते पान उघडून वाचणारा आणि वाचून अर्ज लिहिणारा मनुष्य इतक्या वर्षांत आपल्यांतून निघाला नाही.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' अशी म्हण आपल्याकडे आहे. ज्याला चढावयाची की नाही हे स्वतः ठरविता येते, त्याच्यासाठी ती म्हण ठीक आहे. आपल्या लोकांना ती पायरी दुसऱ्याने चढावयास लावलेली आहे. मग निदान त्या इमारतीचा नकाशा घरात कोणाला तरी ठाऊक असावा.

आता फौजदारी न्यायाचे शिक्षण म्हणजे काय, ते सांगतो. पुष्कळांची समजूत अशी की, हे शिक्षण म्हणजे काळा कोट आणि सेशन कोर्टातील उलटतपासणी. ते या साखळीचे एक कडे झाले. ही साखळी ठाण्यापासून सुरू होते. फिर्याद, तपास, पंचनामा, अटक, कोठडी, जामीन, दोषारोप, साक्षी, निकाल, तुरुंग, आणि तुरुंगातून सुटलेल्या माणसाचे पुढे काय, या सर्वांचा एकत्र विचार करणारे शास्त्र ते हे. अमेरिकेत दोन वर्षांची सामुदायिक महाविद्यालये आहेत. त्यांतील पहिले १९०१ साली जोलिएट गावी निघाले. घराजवळ राहून, नोकरी सांभाळून, थोड्या खर्चात शिकता यावे हा त्यांचा हेतू. आणि त्यांत फौजदारी न्याय हा रीतसर विषय असून पुढे पोलीस, तुरुंग व न्यायालयीन सेवेत जाणारी मुले तो घेतात. आपल्या देशात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, जी १९३६ साली निघाली, या विषयाचे अध्यापन दीर्घकाळ चालत आले आहे. सागर विद्यापीठाने १९५९ मध्ये गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञानाचा विभाग उघडला. सामुदायिक महाविद्यालयाची कल्पनाही आपल्याकडे नवी नाही. मद्रासेस १९९६ पासून तिचा प्रयोग झाला, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने तिच्यासाठी योजना आखली. मात्र अशा महाविद्यालयांत आपल्याकडे बहुधा संगणक, पर्यटन, शिवणकाम, यंत्रदुरुस्ती हेच विषय आले. न्याय हाही शिकविण्याजोगा धंदा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आपल्या जिल्ह्याला त्याची गरज किती आहे, ते पाहा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत, त्यांत आदिवासी सुमारे एकोणसत्तर टक्के, आणि साक्षरता चौसष्ट टक्के. खाली तापीकाठी मराठी, अहिराणी, गुजरी; वर सातपुड्यात भिली, पावरी, मावची, देहवाली. ठाण्यातील कागद मात्र सारा शासकीय मराठीत. ज्यांनी न्यायालयात नोकरी केली त्यांना हे पदोपदी दिसते. मी माझ्या सेवाकाळात पाहिलेला एक प्रसंग सांगतो. न्यायालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. एका पावरा गृहस्थास आरोप वाचून दाखविला गेला आणि 'कबूल आहे काय?' असे विचारले. गृहस्थ म्हणाला, 'हो.' त्याला नंतर बाहेर त्याच्या बोलीत विचारले तेव्हा कळले की, साहेब काही विचारतात, तेव्हा 'हो' म्हणावे, एवढेच त्याला समजले होते. सुदैवाने त्या दिवशी मागल्या बाकावर त्याची बोली जाणणारा एक शिक्षक बसलेला होता. तो आपल्या स्वतःच्या कामासाठी आला होता, आणि उठून बोलण्याचे धैर्य त्याला झाले. हा योगायोगाचा न्याय झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात असे सांगितले की, अटकेची कारणे अटक झालेल्या माणसाला त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी दिली पाहिजेत, आणि तसे तत्काळ शक्य नसेल तर निदान दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करण्याच्या दोन तास आधी तरी. हा नियम दिल्लीत झाला. तो मोलगीत आणि धडगावात कोण अमलात आणणार? पावरीत वा भिलीत ते कारण सांगणारा, लिहिणारा, आणि सांगितले नाही तर 'हे सांगितले गेले नाही' असे नम्रपणे नोंदविणारा माणूस तेथे हजर असेल, तरच. असा माणूस होण्यास बॅरिस्टर व्हावे लागत नाही. वर्षभराचा चांगला अभ्यासक्रम आणि स्वतःची बोली एवढे भांडवल पुरते.

मला आज मुख्यतः हेच सांगावयाचे आहे. खटला निकालाच्या दिवशी जिंकला वा हरला जातो, असे बाहेरून दिसते. परंतु तो पुष्कळदा पहिल्या चोवीस तासांतच घडलेला वा बिघडलेला असतो. फिर्याद काय शब्दांत लिहिली गेली, ती फिर्यादीस वाचून दाखविली का, पंचांनी काय पाहून सही केली, नातेवाइकांस कळविले का, या गोष्टी तेव्हाच होऊन जातात. पुढे मोठ्या फीचा वकील आला तरी त्याला त्याच कागदावर काम करावे लागते. आपले लोक त्या चोवीस तासांत काय करतात? घरातील दागिना गहाण टाकून पैसे उभे करतात आणि कोणातरी मध्यस्थाच्या हाती देतात. मध्यस्थाला कायदा ठाऊक नसतो; त्याला फक्त ठाण्याचा दरवाजा ठाऊक असतो.

कायदा त्या चोवीस तासांविषयी पुष्कळ बोलतो. १ जुलै २०२४ पासून इंग्रजी अमदानीतील दंडसंहितेच्या व पुराव्याच्या कायद्याच्या, तसेच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे आले आहेत. म्हणजे जुने वकील आणि नवा विद्यार्थी आज एकाच पाटीवर कलमे गिरवीत आहेत. नव्याने शिकणाऱ्यास इतकी अनुकूल वेळ क्वचितच येते. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन वाचून दाखवावी लागते व तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने होतो. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक परिस्थिती व महिला अधिकाऱ्याने आधी घेतलेली दंडाधिकाऱ्यांची परवानगी यांवाचून, अटक करता येत नाही. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, असेही आता कायद्यात आले आहे. राज्याने ते टप्प्याटप्प्याने लागू करावयाचे आहे. झडतीचे चित्रीकरण करावयाचे आहे. हे सर्व कागदावर आहे आणि उत्तम आहे. 'साहेब, प्रत मिळावी,' एवढे तीन शब्द योग्य वेळी बोलणारा माणूस नसला, तर ते कागदावरच राहते.

देशातील तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागावयाचा आहे असे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत हे प्रमाण पंचाहत्तर टक्क्यांहून थोडे वर होते. नव्या संहितेत असा नियम आहे की, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे यांतून वगळले आहेत. पण त्याच कलमात पुढे असेही आहे की, एकाहून अधिक गुन्हे वा खटले चालू असल्यास ही सवलत नाही. आपल्या वस्तीतील एखाद्या पोरावर एका चोरीबरोबर आणखी तीन जुन्या चोऱ्या का चढतात आणि त्याचा परिणाम काय होतो, हे या एका ओळीत दडलेले आहे. ती ओळ वाचता येणे, याला मी शिक्षण म्हणतो.

अशा माणसाला वकील द्यावयाची सोयही आहे, हे येथे सांगून ठेवतो, कारण दागिने गहाण पडण्याचे ते एक मोठे उत्तर आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि कोठडीत असलेला कोणीही मनुष्य यांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. आता जिल्ह्या-जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी 'लोक अभिरक्षक कार्यालये' निघत आहेत. तेथे पगारी वकील असतात. त्यांच्या जोडीला गावपातळीवर विधी स्वयंसेवक नेमण्याची पद्धत २००९ पासून आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी मदत मिळते. हा क्रमांक प्रत्येकाने घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

कायदा शिकलेल्या माणसांनी खटला न चालविताही काय घडू शकते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. १९७२ साली विदर्भातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. ते प्रकरण 'मथुरा प्रकरण' म्हणून प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यात त्यांनी 'शरण जाणे' आणि 'संमती देणे' यांतील भेद दाखविला. त्या पत्रातून देशभर चळवळ उठली, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराचा गुन्हा वेगळा मानला गेला आणि अशा खटल्यात संमतीविषयीचे गृहीतक पीडितेच्या बाजूचे झाले. या चौघांपैकी वसुधाताईंचा आपल्या भागाशी निकटचा संबंध आहे. अक्राणीतील आदिवासींना कायदा कोणत्या रूपाने भेटला, याचा त्यांनी अभ्यास केला आणि तो पुस्तकरूपाने मांडला. आपल्या डोंगरावरील माणसांच्या कायद्याच्या अनुभवावर विद्वान ग्रंथ लिहितात आणि आपल्या जिल्ह्यातील मुलगा तो विषय शिकण्याजोगा मानीत नाही, ही विसंगती दूर झाली पाहिजे.

थोडे शेजारीही पाहावे. येथून सुरतेच्या गाडीत बसले की अहमदाबाद फार दूर नाही. तेथील छारानगर ही वस्तीही त्याच कायद्याखालच्या वसाहतीतून उभी राहिली. तेथील लोक आपले भाऊबंदच म्हणावेत. त्या वस्तीतून पुष्कळ वकील निघाले, आणि १९९८ पासून तेथील तरुण नाटके करतात, त्या मंडळीने बंगालमध्ये पोलीस कोठडीत मरण पावलेल्या बुधन शबर या विमुक्त जमातीच्या तरुणाचे नाव धारण केले आहे. त्याच्या मृत्यूचे प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि त्याच्या पत्नीला नुकसानभरपाई देण्याचा हुकूम झाला. छारानगरचे सारे प्रश्न सुटले, असे मी म्हणत नाही. पण तेथे रात्री कोणाला उचलून नेले, तर शेजारच्या घरातील वकिलाला हाक मारता येते.

आता पोलीस भरतीविषयी. सकाळी शहाद्याच्या किंवा नवापूरच्या रस्त्याला लागावे, तर धावणारी मुले दिसतात, आणि आता मुलीही दिसतात. ते दृश्य मला फार आवडते. याच नंदुरबारच्या रस्त्यावर ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा आणि त्याचे सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यापूर्वी १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगावास भिल्लांची पलटण उभारली, ती भिल्लांनाच आवरण्यासाठी. तेव्हाचा शिपाई परक्या सरकारचा होता. आज आपलीच मुले ती खाकी मागत आहेत, हे योग्यच आहे. परंतु ती महिनोगणती धावतात, गोळा फेकतात, अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी व मराठी व्याकरण यांची पुस्तके पाठ करतात. ज्या कामासाठी नेमणूक व्हावयाची, त्या कामाचा कायदा भरती होईपर्यंत ती उघडीतही नाहीत, कारण तो परीक्षेत विचारला जात नाही. आपल्या मुलांनी तो आधीच वाचावा. ज्याच्या आजोबांनी हजेरी दिली, तो नातू हजेरीची वही लिहावयास बसेल, तेव्हा त्याला तिचा इतिहास ठाऊक असावा, अशी माझी इच्छा आहे.

येथे एक कडू गोष्ट बोलतो, रागावू नये. आपणही न्याय करीत आलो आहोत. आपले पंच बसत, दंड करीत, जातीबाहेर टाकीत. त्यात लेखी आरोप नव्हता, बचाव नव्हता, अपील नव्हते. आणि बाईमाणसाला तर बोलावयाचीही मुभा नसे. सरकारने आपल्यावर केलेल्या अन्यायाचे वर्णन करताना ज्या ज्या गोष्टींचा आपण उल्लेख करतो, त्यांतील कित्येक आपल्याच ओट्यावर घडत होत्या. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात आहे, आणि बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सातपुड्यात एखाद्या विधवेस डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार होतात, त्यांविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. फौजदारी न्याय शिकलेली मुलगी प्रथम आपल्याच पंचांना प्रश्न विचारील. विचारू द्यावे.

आक्षेप मला ठाऊक आहेत. 'आपले पोर चोरांचे वकीलपत्र घेणार काय?' असे एका गृहस्थांनी मला काल विचारले. ज्या ज्ञातीतील प्रत्येक माणूस जन्मतः चोर ठरविला गेला होता, तिने हा प्रश्न विचारावा याचे मला आश्चर्य वाटले. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. नव्या वकिलाची पहिली चार-पाच वर्षे कठीण जातात. हे मी कोणापासून लपविणार नाही. तिसरा, मुलींनी हे काम करू नये असा. उलट, स्त्रीची झडती, पीडितेचा जबाब, महिला कैद्यांची व्यवस्था या सर्व ठिकाणी कायदा स्त्रीच मागतो, आणि स्त्री मिळत नाही म्हणून कामे अडतात.

मार्ग कोणते आहेत, ते थोडक्यात सांगतो. बारावीनंतर पाच वर्षांची वा पदवीनंतर तीन वर्षांची विधी पदवी. दोन्हींसाठी राज्याची प्रवेशपरीक्षा असते. त्यासाठी पुणे-मुंबईसच जावे लागते असे नाही; नंदुरबारातही विधी महाविद्यालय आहे. सनद घेण्याचा खर्च हाही पूर्वी मोठा अडथळा होता. कित्येक राज्यांत पंधरा हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत रक्कम घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सांगितलेल्या शुल्काहून अधिक घेण्यास मनाई केली. ते साडेसातशे रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींस सव्वाशे. ज्यांना घर सोडणे शक्य नाही, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठे आहेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने विधीसाहाय्यकाची पदविका आणि पदवीधरांसाठी फौजदारी न्यायाची पदव्युत्तर पदविका असे अभ्यासक्रम आखलेले आहेत. प्रवेशाच्या वेळी कोणता चालू आहे हे केंद्रावर विचारून घ्यावे. विज्ञानाच्या मुलांना मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे न्यायसहायक विज्ञानाच्या शासकीय संस्था आहेत. समाजकार्याची आवड असणाऱ्यांनी टाटा संस्थेच्या 'प्रयास' या उपक्रमाची माहिती करून घ्यावी. १९९० पासून तेथील कार्यकर्ते तुरुंगांत व न्यायालयांत कैद्यांसाठी काम करीत आले आहेत, आणि ते वकील नाहीत.

परंतु माझा सर्वांत मोठा भर आहे तो जिल्ह्यातच, सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी चालणाऱ्या एक वर्षाच्या लहान अभ्यासक्रमावर. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न अशी महाविद्यालये आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांपैकी एखाद्याकडे मंडळाने शिष्टमंडळ न्यावे आणि फौजदारी न्यायाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मागावा. त्यात फिर्याद व पंचनामा लिहिणे-वाचणे, अटक व जामीन, विधी सेवा, आदिवासी बोलींतून दुभाषाचे काम, आणि दोन महिने न्यायालयात प्रत्यक्ष बसणे, एवढे असावे. शिकविण्यास निवृत्त न्यायालयीन सेवक, सरकारी वकील, लोक अभिरक्षक मिळतील. मी स्वतः आठवड्यातून एक दिवस विनावेतन येण्यास तयार आहे. हा वर्ग केवळ आपल्या ज्ञातीचा नसावा. पावरा, भिल्ल, मावची, गुजर, सर्वांची मुले त्यात असावीत. नाहीतर दुभाषी कोठून मिळणार?

आता पैशाचे. आपल्या शिक्षणनिधीच्या नियमावलीत 'वैद्यकीय, अभियांत्रिकी व तत्सम उच्च शिक्षण' असे शब्द आहेत. 'तत्सम' या शब्दाचा अर्थ प्रतिवर्षी समितीच लावते, आणि त्यात कायदा आजवर बसलेला नाही. त्या वाक्यात 'विधी व फौजदारी न्याय, पदवी किंवा प्रमाणपत्र' हे शब्द घालावेत आणि येत्या जूनपासून दोन शिष्यवृत्त्या, त्यांतील एक मुलीसाठी, राखून ठेवाव्यात, अशी लेखी सूचना मी आज सकाळी चिटणीसांच्या हाती दिली आहे. ती दुपारच्या सर्वसाधारण सभेत कार्यक्रमपत्रिकेवर पाचव्या क्रमांकास आहे. काही सभासदांचा तिला विरोध आहे, हे मला समजले आहे. त्यांनी तो अवश्य मांडावा. मात्र सूचना, विरोध आणि मतांची संख्या ही तिन्ही इतिवृत्तात शब्दशः लिहिली जावीत, आणि इतिवृत्त सभा उठण्यापूर्वी सर्वांना वाचून दाखविले जावे, अशी अध्यक्षमहाराजांना माझी विनंती आहे.